चूलबंद आवतण

भागीरथाबाईंनी पलंगाखालची बॅग ओढून काढली, तिच्यावरची धूळ जुन्या टॉवेलनं झटकली आणि भाजीत मीठ टाकावं इतक्या सहज सांगून टाकलं, "रविवारी माहा सदाभाऊ न्यायले येऊन राह्यला. मी जातो नागपूरले, खुशीकडे."

"अन् येशीन कधी?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"डोकं म्हणन तवा."

भागीरथाबाईंचं डोकं पोळ्यापासून अर्ध्या बाजूनं दुखत होतं आणि आता दिवाळीही होऊन गेली होती. दिग्रसच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, वर घरात शांतता ठेवा असंही बजावलं होतं. गोळ्या मिळाल्या. शांततेचं काम अवघड होतं, कारण पुंडलिकराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते आणि त्यांचं तोंड अजून ड्यूटीवर होतं. ते कोंबड्यांना पुढे सरकायला सांगत, कपबशीला दम देत आणि ऐकायला कोणीच नसलं तर पंख्याकडे पाहून बोलत. एवढं बोलणाऱ्या या माणसानं बायकोला मात्र 'बरं झालं' इतकंही कधी म्हटलं नव्हतं. पहाटेच्या गाडीवर निघताना त्यांच्या हातात जन्मभर गरम डबा पडला. डबा रिकामा परत आला म्हणजे आवडला, त्यात आणखी बोलायचं काय, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

पण ती बॅग पाहिली आणि त्यांनी मनात हिशेब मांडला. ही बाई गेली तर परत यायची नाही. लेकीचं घर मोठं, नातवंडं लाघवी आणि तिथं पंख्याशी बोलणारं कोणी नाही. रविवारच्या आत हिचं डोकं थांबलं पाहिजे, नाही तर उरलेला जन्म आपण आणि पंखा. त्यांनी चपला घातल्या आणि तांडा गाठला.

तांड्यावरची रामीबाई झाडपाल्याची जाणकार म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध होती. अंगानं काटकुळी, तोंडात दोनचार दात, पण नजर अशी की तांड्यावरची कुत्रीसुद्धा तिला वाट देत. सगळं ऐकून तिनं बिडी विझवली.

"भिया," ती म्हणाली. तिच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ, पण रामीबाईच्या तोंडी तो शब्द हुकमासारखा यायचा. "निरगुडीचा पाला आण. वाळवून उशीत भर अन् बाईले त्या उशीवर निजू दे. नाल्यावर झुडूप हाये, एका देठाले पाच-पाच पानं. पण झाडाले आधी आवतण द्या लागते. दिवस बुडताना जायचं, हळदीचे तांदूळ ठेवाचे, नाव घेऊन म्हणाचं का घरी माणूस दुखते, उद्या न्यायले येतो. सकाळी जाताना-येताना तोंडातून शब्द काढाचा नाई. येताना मागं पाहाचं नाई. अन् ध्यानात ठेव, आवतण एकाच..."

"समजलं, समजलं!" पुंडलिकराव उठलेसुद्धा. "आवतण देणं मले शिकवून राह्यली का? गावातल्या अर्ध्या लग्नाचे आवतणं म्याच वाटले."

'एकाच झाडाले' हे राहिलेले शब्द रामीबाईनं त्यांच्या पाठमोऱ्या टोपीला सांगितले.

ते नाल्यावर पोचले तेव्हा उजेड पिवळा पडला होता. गुरं घरी गेली होती, पऱ्हाटीत कापूस वेचणारी माणसं गेली होती. पाण्यावर पातळ धुकं धरायला लागलं होतं. पुंडलिकराव पाच पानांचं झुडूप शोधत काठाकाठानं चालले. शोधता शोधता त्यांच्या ध्यानात आलं, की झुडपं, वेली, गवत, सगळं त्यांच्याकडेच पाहतंय. शेवटच्या गाडीची वाट पाहणारी माणसं स्टँडवर कंडक्टरकडे पाहतात, अगदी तसं. त्यांनी मान खाली घातली. निरगुडी सापडली. तिच्या शेजारच्या एका दाट वेलाच्या बुडाशी सपाट दगड होता, त्यावर त्यांनी तांदूळ ठेवले.

"निरगुडीबाई," ते म्हणाले, "घरी माणूस दुखते. उद्या सकाळी न्यायले येतो."

इथंच थांबायचं होतं. पण पुंडलिकरावांनी उभ्या नोकरीत एकही माणूस थांब्यावर सोडला नव्हता. एकीला बोलवायचं आणि बाकीच्यांनी टुकूटुकू पाहत राहायचं, हे त्यांच्या जिवाला पटेना. त्यांनी उरलेले तांदूळ मुठीत घेतले आणि चौफेर उधळले.

"अन् तुमी बी तोंडाकडे पाहू नका! सगळ्याइले आवतण हाये. सहकुटुंब, सहपरिवार. चूलबंद!"

चूलबंद आवतण म्हणजे थोरामोठ्यांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत अख्ख्या घराला जेवायला बोलावणं. त्या दिवशी पाहुण्याच्या घरी चूल पेटवायची नाही, आणि अशा आवतणाला न जाणं म्हणजे उभ्या वैराची तयारी.

शब्द तोंडातून गेला आणि वारा पडला. रातकिडे एकदम गप्प झाले. आणि त्या दाट वेलाच्या आतून कुठून तरी घंटी वाजली. टण टण.

एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे पुंडलिकरावांच्या हाडात मुरलेलं होतं. त्यांचे पाय त्यांना न विचारता चालायला लागले. "कोणाची तरी बकरी राह्यली असन," असं ते वाटेत स्वतःला सांगत होते. आत बकरी होती की नाही, हे पाहायला मात्र ते थांबले नाहीत.

सकाळी न बोलणं काही जमेना, म्हणून त्यांनी तोंडात उपरण्याचा बोळा धरला. निरगुडीचा पाला तोडून थैलीत भरला आणि ते परत फिरले. नाल्यापासून थोडं पुढं आल्यावर मागून आवाज आला. सर्र, सर्र. ते थांबले की आवाज थांबे, ते चालले की आवाज चाले. मागं पाहायचं नव्हतं आणि बोलायचंही नव्हतं. त्यांनी बोळा दातांत आणखी घट्ट धरला.

"हे का वरात घेऊन आले?" दारात उभ्या असलेल्या भागीरथाबाईंनी विचारलं.

पुंडलिकरावांनी पाला खाली ठेवला, बोळा काढला आणि मग मागं पाहिलं. थैलीच्या बंदात गुळवेल अडकला होता आणि नाल्यापासून त्यांच्या मागोमाग फरपटत आला होता. त्याचं शेपूट अजून फाटकाबाहेरच होतं. पायजम्यावर कुसळं आणि आघाडा, चपलेच्या तळाला गोखरू.

"रानात गेलं का चिकटतेच," ते हसून म्हणाले. हसणं जरा कमी पडलं. गुळवेल त्यांनी अंगणातल्या कडुनिंबावर फेकून दिला.

उशी झाली. भागीरथाबाई तिच्यावर निजल्या आणि सकाळी उठून म्हणाल्या, "हलकं वाटून राह्यलं बाप्पा." पुंडलिकरावांना आभाळ ठेंगणं झालं.

"मंग बॅग ठेवू का पलंगाखाली?"

"पाहू."

पण त्या दिवसापासून पाहुणे यायला लागले. भागीरथाबाई हातपंपावरून आल्या तेव्हा त्यांच्या पदराला मागून काहीतरी लोंबत होतं. काळं, वाळलेलं आणि दोन वाकड्या नख्यांनी घट्ट धरून बसलेलं. त्यांच्या किंकाळीनं घागर फुटली. "अवं, वाघनखीचं फळ होय थे," शेजारीण म्हणाली. फळ तर फळ, पण हातपंपाच्या आसपास वाघनखीचं झाड नव्हतं. मग अंगणाच्या कोपऱ्यात, जिथं कालपर्यंत नुसती माती होती, तिथं लाजाळू उगवलेली दिसली. पुंडलिकराव बोलायला लागले की ती मिटायची, भागीरथाबाई बोलल्या की उघडी राहायची. पुंडलिकरावांना बोलताना हातवारे करायची सवय होती, त्या वाऱ्यानं मिटत असेल.

"तिलेबी आयकवत नाई," भागीरथाबाई म्हणाल्या, पण त्यांनाही हसू आलं नाही.

गुळवेलाचं तर आणखी वेगळं. निंबावर नुसता फेकलेला, खाली माती नाही, पाणी नाही, तरी तो सुकेना. उलट त्याला नवी पानं आली आणि सुतळीएवढ्या बारीक मुळ्या खाली उतरायला लागल्या. एक मुळी बरोबर भागीरथाबाईंच्या खिडकीसमोर आली आणि वारा नसतानाही हलत राहिली. शिवाय आवतण सहपरिवार होतं. टीव्हीच्या मागं रातकिडे बसले, पाण्याच्या टाकीत बेडूक आला, आणि दिवेलागणीला एक लांबलचक धामण स्वयंपाकघरात आली, चुलीकडे पाहून थोडं थांबली आणि जेवणाला अजून वेळ आहे असं समजल्यासारखी परत गेली.

"डोकं दुखाचं राह्यलं," भागीरथाबाई बॅगेत साड्या भरत म्हणाल्या, "पण आता या घरात माहा जीव राहात नाई. रविवारी मी जातोच."

औषध लागू पडलं आणि बायको चालली, असा हा प्रकार झाला. पुंडलिकरावांनी रामीबाईला घरी आणलं आणि नाल्यावर काय काय बोललो ते सांगितलं. रामीबाई ओट्यावर मटकन बसली. तिला घाबरलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"चूलबंद म्हणला? नाल्यावर? दिवस बुडताना?"

"हो."

"तांदूळ कोण्या जागी ठेवले?"

"तिथं एक दाट वेल हाये नाई का, त्याच्या बुडाशी. मखमलीवानी शेंगा होत्या लोंबून राह्यल्या."

"कुहिरी!" रामीबाईनं कपाळावर हात मारला. खाजकुहिरीच्या शेंगेची लव अंगाला लागली की माणूस स्वतःचे कपडे स्वतः फाडतो, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. "बाकीचे आले. थे यायची हाये अजून. सगळ्याच्या मानाची हाये थे, म्हणून मागून येऊन राह्यली."

"नाईच आली तं?"

"चूलबंद आवतण अन् येणार नाई? थे आली का मले बलाव. तोवर काई कराचं नाई."

रविवार उजाडला. पुंडलिकरावांनी अंगण दोनदा झाडलं, खिडक्या लावल्या आणि फाटकाकडे तोंड करून बसले. ते सकाळपासून एक शब्द बोलले नव्हते. घर इतकं शांत होतं की निंबावरची मुळी भिंतीला घासल्याचं ऐकू यायचं. भागीरथाबाई बॅगेजवळ बसून नवऱ्याकडे पाहत होत्या. या माणसाला एवढं गप्प त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांना ते काही बरं वाटेना.

तेवढ्यात वाटेवरून कोणीतरी येताना दिसलं. अंग वेडंवाकडं होत होतं, हात हवेत उडत होते, मध्येच एक गिरकी घेतली जात होती आणि तोंडातून हूं हूं असा आवाज येत होता. पुंडलिकराव उठून उभे राहिले.

"आली," ते म्हणाले.

"कोण आली?" भागीरथाबाई उठून आल्या. "अगंबाई, हा तं सदाभाऊ!"

सदाशिवराव म्हणजे कडक इस्त्रीचा माणूस. पांढरं धोतर, पांढरा सदरा, बोलणं मोजून-मापून. फाट्यावर बसमधून उतरून ते जवळची वाट म्हणून नाल्यानं आले होते. वाटेत त्यांना मखमलीसारख्या सुरेख शेंगा दिसल्या, आणि नागपूरच्या नातवंडांना खेळायला होतील म्हणून त्यांनी मूठभर तोडून सदऱ्याच्या खिशात घातल्या होत्या. मग त्याच हातानं मान पुसली होती.

"भाऊजी... पाणी... नाई, पाणी नको... काईतरी करा ना!" असं म्हणत त्यांनी बहिणीच्या देखत सदरा काढून फेकला आणि निंबाच्या बुंध्याला पाठ घासायला सुरुवात केली.

रामीबाई आली, तिनं एका नजरेत सगळं पाहिलं आणि शेण मागवलं. थोड्याच वेळात सदाशिवराव मानेपासून कमरेपर्यंत सारवलेल्या भिंतीसारखे ओट्यावर बसले होते. फाट्यावर नागपूरच्या गाडीचा हॉर्न वाजला, दूर गेला आणि विरला. शेण लावलेल्या भावाला घेऊन आणि हात कोपरापर्यंत बरबटलेले असताना भागीरथाबाईंना आज कुठं जाता येणार नव्हतं.

"पंगत पुरी झाली," रामीबाई म्हणाली. "आता निरोप दे. दिवस बुडाच्या आत."

"कसा?"

"एकेकाचं नाव घ्याचं. त्यानं आपल्यावर काय उपकार केला थो सांगाचा. मंग थे जाते. न सांगता ठेवलं तं झाड बी सुकते अन् घर बी सुकते. पण सांगितलं का राहात नाई, हे ध्यानात ठेव. या टायमाले पुरं आयक."

"मले तं त्याइचे नावं बी नाई येत, माय."

"घरी जेवाले बलावलं अन् नाव माहीत नाई!" रामीबाई कडाडली. "मंग शिक."

अंगणात सगळे पाहुणे ओळीनं मांडले गेले. रामीबाई नाव सांगे, पान उलटून दाखवे, वास घ्यायला लावे. पुंडलिकराव ते मागून म्हणत. आधी शाळेतल्या पोरासारखे म्हणाले, मग हळूहळू त्यांची जीभ जड व्हायला लागली.

"गुळवेलबुवा, तापात तुमचा काढा असते..." ते अडखळले. यवतमाळच्या मुक्कामाहून ताप घेऊन आलो होतो, तेव्हा कोणीतरी कडू काढा आपल्या ओठांना वाटी लावून पाजला होता. कोणी म्हणजे कोणी? त्यांनी तिकडे पाहिलं नाही. "गोखरूभाऊ, मुतखड्यात तुमचं पाणी पेलो." ते पाणी उकळून बाटलीत भरून गाडीवर कोण देत होतं? "आघाडा, तुह्या काडीनं दात घासले." त्या काड्या पहाटे मोरीवर कोण ठेवत असे? प्रत्येक झाडाचा उपकार सांगायला जावं, तर त्याच्यामागं एक बांगड्यांचा हात दिसायचा.

कुहिरीच्या शेंगा कागदावर लांब ठेवल्या होत्या. त्यांच्यासमोर त्यांनी मनापासून हात जोडले. "कुहिरीबाई, तुमचे उपकार मी मरेपर्यंत नाई विसरत. तुमी आजची गाडी चुकवली."

"भाऊजी!" ओट्यावरून शेण बोललं.

सगळे पाहुणे टोपलीत गेले. ओळीच्या शेवटी बॅग होती आणि बॅगेपाशी भागीरथाबाई उभ्या होत्या. पुंडलिकराव त्यांच्यासमोर आले आणि थांबले.

"अन् माहं?" भागीरथाबाई म्हणाल्या.

"तुह्यं नाई सांगत."

"काहून? काट्याकुट्याइले हात जोडले, अन् म्या काईच नाई केलं का?"

"केलं! लय केलं! म्हणून तं सांगत नाई!" पुंडलिकराव ओरडले. "आयकलं नाई का थे काय म्हणाली? सांगितलं का माणूस जाते!"

रामीबाई दुसरीकडे पाहायला लागली. भागीरथाबाईंच्या ओठांचा कोपरा हलला आणि डोळे भरून आले.

पुंडलिकरावांनी खिशात हात घातला. त्या दिवशीचे हळदीचे चार तांदूळ शिवणीत अडकलेले निघाले. ते त्यांनी बायकोच्या शेणानं भरलेल्या तळहातावर ठेवले आणि आजवर ज्या बाईला 'खुशीची माय' म्हणत आले होते, तिचं नाव घेतलं.

"भागीरथा, तुले आवतण हाये. याच घरचं."

"एकटीलेच?"

"एकटीलेच. चूलबंद."

भागीरथाबाईंनी तांदूळ मुठीत धरले. "चूलबंद म्हणजे आज म्या चूल नाई पेटवाची."

"नाई पेटवाची."

"मंग सयपाक कोण करन?"

पुंडलिकरावांनी रामीबाईकडे पाहिलं. ती टोपली उचलून फाटकाबाहेर पडली होती. सदाशिवरावांकडे पाहिलं. ते वाळत होते.

"करतो म्याच," पुंडलिकराव म्हणाले.

खिचडी खालून लागली होती आणि वरून कच्ची होती. भागीरथाबाईंनी ती सावकाश, भिंतीला टेकून खाल्ली. पुंडलिकराव समोर बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. ताट रिकामं झालं, भागीरथाबाईंनी हात धुतला, बॅग पायानं पलंगाखाली सारली आणि काही न बोलता पडल्या.

"कशी झालती?" शेवटी पुंडलिकरावांना राहवलं नाही.

"ताट रिकामं झालं ना?" भागीरथाबाईंनी कूस बदलली. "त्यात बोलाचं काय?"

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर निरगुडीचं पान होतं आणि त्यावर हळदीचे तांदूळ. ताजे, अजून ओले. सदाशिवराव घोरत होते. रामीबाईला विचारलं तर तिनं कानाला हात लावले आणि विझलेली बिडी ती पुन्हा पेटवायचीच विसरली.

"जेवून गेले, आता उलटं आवतण देऊन राह्यले," भागीरथाबाई पदर खोचत म्हणाल्या. "चला. जा लागते."

दोघं नाल्याच्या वाटेला लागले. पुंडलिकरावांनी तोंडात बोळा घेतला नव्हता, तरी ते बोलत नव्हते. फाटक ओलांडल्यावर मागून सर्र सर्र आवाज सुरू झाला. भागीरथाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. दोघांनीही मागं पाहिलं नाही. निंबापाशी कुठंतरी घंटी वाजली, टण टण, आणि पुंडलिकराव मुकाट पुढे सरकले.